रंभाबाईंनी नापास केलेला लेख

दोन वर्षं कारध्याच्या रंभाबाई नंदागवळी इंटरनेटवर 'सर' होत्या, आणि तो गैरसमज दूर करायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. मराठीत एक ज्ञानकोश आहे, कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा. तिथं त्यांनी 'वैनगंगाकाठ' हे नाव घेतलं होतं. या नावाचा माणूस लेख तपासून देतो, शुद्धलेखनाला पक्का आहे, पुरावा नसलेलं वाक्य खपवून घेत नाही आणि कोणाच्या भिडेला पडत नाही, एवढंच लोकांना माहीत होतं. असा माणूस म्हणजे कोणी निवृत्त मुख्याध्यापक असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

रंभाबाई आठवी पास होत्या. कोणी 'धन्यवाद सर' लिहिलं की त्या मनाशी हसत आणि पुढचा लेख उघडत. नाव बाईचं दिसलं की लोक चूक बघायचं सोडून बाईकडे बघतात, हे त्यांनी छापखान्यात चाळीस वर्षं अनुभवलं होतं.

त्यांच्या वडलांनी छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर दोन वर्षांनी रंभाबाई जन्मल्या. वडील वैनगंगेच्या पात्रात रेती भरायला जात, आई घरी विड्या वळे, आणि पोरांनी शाळा सोडायची नाही हा त्या घरातला कायदा होता. पण रंभाबाई आठवी झाल्या आणि वडलांनी अंथरूण धरलं. कायदा ज्यानं केला त्यालाच तो मोडावा लागला. तीन वर्षं त्यांनी आईसोबत विड्या वळल्या. सतराव्या वर्षी नदीवरचा लहान पूल ओलांडून त्या भंडाऱ्यात भैय्याजींच्या छापखान्यात लागल्या, छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला.

घड्या घालता घालता त्या खिळे जुळवणाऱ्यांकडे बघत. शिशाचं एकेक अक्षर, काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, सगळं उलटं. आरशात दिसावं तसं ते वाचायचं. एक कंपोझिटर आजारी पडला आणि लग्नपत्रिकांची घाई होती, तेव्हा भैय्याजींनी नाइलाजानं त्यांना उभं केलं. संध्याकाळी प्रूफ निघालं तर त्यात एकही चूक नव्हती. बाईच्या हाताला शाई शोभत नाही म्हणणारे दोघे कंपोझिटर पुढं त्यांच्याकडूनच ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेऊ लागले. रंभाबाई सांगत, मात्र सांगायच्या आधी कोश उघडून बघत. स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं नाही, ही सवय त्यांना तिथंच लागली.

नव्याण्णव साली जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि भैय्याजींनी त्याच साली कॉम्प्युटर आणला. ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या, सगळ्यांना नवीन लेटरहेड हवे होते. कोणता तालुका कुठं गेला आणि कोणता इथंच राहिला, हे रंभाबाईंना त्या वर्षी तोंडपाठ झालं. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या कीबोर्डवर बसल्या आणि सहा महिन्यांत न बघता टाइप करू लागल्या. पुढं भैय्याजी थकले, छापखाना बंद झाला. मुलगा सुगत नागपूरला नोकरीला होता, त्यानं जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. दिवसभर करायचं काय म्हणून रंभाबाईंनी एकदा कारधा गावाचा लेख उघडला, तर तिसऱ्याच ओळीत चूक. ती दुरुस्त केली. मग चौथ्या ओळीतली. मग ते थांबलंच नाही.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत त्यांना एक विनंती आली. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मेघा मॅडमनी ती लिहिली होती. त्यांच्या विभागातल्या विद्यार्थ्यांनी कार्यशाळा घेऊन ताराचंद हातझाडे या लेखकावर लेख तयार केला होता. लेखाला 'उत्तम लेख' हा दर्जा मिळावा अशी त्यांची इच्छा होती, आणि तो मिळायला लेखात ज्याचा हात नाही अशा माणसानं तो तपासावा लागतो. 'सर, चोवीस फेब्रुवारीला हातझाडेंची जयंती आहे. कार्यक्रमात दर्जा जाहीर करायचा आहे. तपासणी ही औपचारिकता आहे, लवकर करून दिलीत तर बरं.'

रंभाबाईंनी उत्तर लिहिलं, 'औपचारिकता असेल तर माझी गरज नाही. तपासणी असेल तर वेळ लागेल.' मेघा मॅडमनी वेळ घ्या म्हणून कळवलं.

ताराचंद हातझाडे म्हणजे दिघोरीचा धानाचा शेतकरी. दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह, सगळं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीत. रंभाबाईंना तो माणूस चांगला ठाऊक होता. त्याची पहिली कादंबरी 'तुडुम' अठ्ठ्याऐंशी साली भैय्याजींकडे छापली गेली होती, आणि तिचा एकेक खिळा रंभाबाईंनी जुळवला होता. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, शेताला पाणी सोडायची जागा. कादंबरी तलावाच्या पाण्यावरून फुटलेल्या गावाची होती.

लेख दिसायला देखणा होता. फोटो होता, चौकट होती, खाली एकवीस संदर्भांची रांग होती. पण पहिल्याच परिच्छेदात दिघोरी गोंदिया जिल्ह्यात टाकली होती. दिघोरी ज्यात येते तो लाखांदूर तालुका भंडाऱ्यातच राहिला, हे रंभाबाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ही साधी चूक. पुढं 'थोर', 'अजरामर', 'अलौकिक' अशा शब्दांचा सडा होता. तोही वेचता आला असता. त्या अडखळल्या त्या भाषेवरच्या परिच्छेदाशी. तिथं लिहिलं होतं की हातझाडे यांचं मूळ हस्तलिखित ओबडधोबड बोलीत होतं, प्रा. लक्ष्मणराव यांनी त्यावर भाषिक संस्कार केले, आणि त्यामुळेच 'तुडुम' साहित्य या पदवीला पोचली.

रंभाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि खुर्ची मागं सारली.

अठ्ठ्याऐंशी साली झालं होतं ते असं. लक्ष्मणराव सर तेव्हा कॉलेजात नवीन प्राध्यापक होते आणि भैय्याजींच्या ओळखीचे. भैय्याजींनी कादंबरीची प्रूफं त्यांना दाखवली. सरांनी लाल शाईनं चाळीस पानं रंगवून परत पाठवली: 'मले'चं 'मला', 'जाऊन राहिला होता'चं 'जात होता', 'काहून'चं 'का'. भैय्याजींच्या सांगण्यावरून रंभाबाईंनी ती चाळीस पानं तशी बदलली. चार दिवसांनी ताराचंद लाखांदूरच्या एसटीनं प्रूफ बघायला आला. शाळेतल्या पोरानं बाकावर बसावं तसा तो खिळ्यांच्या केसशेजारच्या स्टुलावर बसला आणि वाचत गेला. मग त्यानं कागद खाली ठेवले. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, हे माह्या गावचे लोक नोहोत. हे कोन हायेत, मी ओळखत नाही. आंधीचं होतं तसं करून द्या."

रंभाबाईंनी चाळीस पानं पुन्हा मोडली आणि पुन्हा जुळवली. पुस्तक निघालं ते ताराचंदच्या भाषेत. दोन हजार एक साली तो वारला. चार वर्षांनी लक्ष्मणराव सरांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात निवेदन सगळं प्रमाण मराठीत केलेलं, आणि पुढं सोळा पानांची त्यांचीच प्रस्तावना. ज्ञानकोशातलं ते वाक्य त्या प्रस्तावनेतून आलं होतं.

आता अडचण अशी होती की रंभाबाईंना सगळं माहीत होतं आणि त्यातलं काहीही चालणारं नव्हतं. ज्ञानकोशाचा नियम आहे की तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तुमच्या कानांनी ऐकलेलं पुरावा होत नाही. कुठंतरी छापून आलेलं, कोणालाही उघडून बघता येईल असं काही दाखवावं लागतं. हाच नियम त्यांनी स्वतः शेकडो लोकांना शिकवला होता. एका बाईनं आपल्या आजोबांबद्दल चार ओळी प्रेमानं लिहिल्या होत्या, त्या रंभाबाईंनीच काढायला लावल्या होत्या. आज नियम आपल्या गळ्याशी आला म्हणून तो वाकवणं त्यांना जमणारं नव्हतं.

मग त्यांनी एकवीस संदर्भ एकेक करून उघडले. आठवडा गेला. काही स्मरणिकांतले लेख होते, काही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले, काही दुवे तर मेलेलेच होते. जे उघडत होते त्या सगळ्यांत भाषेचं ते वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत होतं, आणि लिहिणारे बहुतेक लक्ष्मणराव सरांचे विद्यार्थी. एकवीस नळ, पण टाकी एकच. पहिल्या आवृत्तीचा संदर्भ कुठंच नव्हता. लेख लिहिणाऱ्यांपैकी कोणी ती पाहिलीच नव्हती. वर दोन परिच्छेद प्रस्तावनेतून शब्दशः उचलले होते.

आणि रंभाबाईंना एक गोष्ट आठवत होती. पहिल्या आवृत्तीला ताराचंदचं स्वतःचं मनोगत होतं, आणि त्यात त्यानं भाषेविषयी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं तेही आठवत होतं. पण आठवण म्हणजे संदर्भ नव्हे. पुस्तक हातात हवं.

पाचशेच प्रती निघाल्या होत्या. भैय्याजींच्या घरच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या होत्या. दोन वाचनालयांत नोंद होती, पुस्तक नव्हतं. शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रंभाबाई लाखांदूरच्या एसटीत बसल्या आणि तिथून दिघोरीला गेल्या. उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. बाया कमरेत वाकून चिखलात होत्या. ताराचंदच्या घरी त्याची बायको ललिताबाई ओसरीवर बसली होती, ऐंशीच्या घरातली, नजर शाबूत. रंभाबाईंनी नाव सांगितलं, काम सांगितलं. ललिताबाईनं पुस्तक आहे म्हणून सांगितलं आणि उठायचं नाव काढलं नाही.

"घेऊन जातो म्हननारे गंज आले, बाई. आनून देनारा एक नाई आला."

"मी नेत नाही, आई. इथंच बसून पाहते. तुमच्या डोळ्यासमोर."

मग नातू सूरजनं आतून कापडात बांधलेलं पुस्तक आणलं. पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेले. रंभाबाईंनी पान तीन उघडलं आणि ललिताबाईला ऐकू जाईल असं वाचलं. ताराचंदनं लिहिलं होतं: 'जानत्या मानसायनं भाषा सुधरून देतो म्हनलं. त्यायचे उपकार. पन जे तोंड बोललं तेच तोंड पुस्तकात राहू देलं. याच्यात दुसऱ्या कोनाचा हात नाई. चुका हायेत त्या माह्या.'

ललिताबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या पानावर बोट ठेवलं.

"हे त्यानं लिवलं होतं?"

"लिहिलं होतं. छापलं होतं."

"मले दरसाल स्टेजवर बसवत आन् सांगत का सरायनं पुस्तक घडवलं. मी हात जोडत होती त्यायले." तिनं पानावरचं बोट उचललं. "एवढ्या सालाचं हात जोडनं माहं वापस कोन देते आता? तू जाय तठी, जयंतीले. वाचून दाखव."

रंभाबाईंनी मोबाइलवर पानांचे फोटो घेतले: मुखपृष्ठ, छपाईचं साल असलेलं पान, मनोगताची दोन्ही पानं. दुसऱ्या पानाच्या शेवटी आभार होते, आणि त्यात एक ओळ होती: 'जुळनी करनाऱ्या रंभाबाईनं चाळीस पानं दोनदा जुळवली, तोंडातून चकार शब्द काढला नाई.' ती ओळ त्यांनीच जुळवलेली, तरी एकतीस वर्षांनी ती वाचताना त्यांना डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसावा लागला. चकार शब्द काढला नाही हे मात्र खोटं होतं. दोन दिवस त्या ताराचंदच्या नावानं पुटपुटत होत्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसून विचार करत राहिल्या. या ओळीनं एक पेच घातला होता. पुस्तकात त्यांचं नाव होतं, म्हणजे त्या आता तिऱ्हाईत राहिल्या नव्हत्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळायचं कारण नव्हतं. 'वैनगंगाकाठ' सर आणि खिळे जुळवणारी रंभाबाई यांचा संबंध कोण जोडणार होतं? पण दुसऱ्याच्या लेखात लपवाछपवी शोधायची आणि स्वतःची झाकायची, हे त्यांच्या बापाच्या घरात बसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेखाच्या चर्चापानावर निकाल लिहिला. लेख या दर्जाला पोचत नाही, असं पहिलंच वाक्य. जिल्हा चुकला आहे. दोन परिच्छेद उचललेले आहेत. एकवीस संदर्भ एकाच प्रस्तावनेवर उभे आहेत, आणि ती प्रस्तावना लिहिणाऱ्याचाच त्यात गौरव आहे. लेखकानं पहिल्या आवृत्तीत स्वतःच्या भाषेबद्दल याच्या नेमकं उलट लिहून ठेवलं आहे, पृष्ठ तीन, फोटो सोबत. लेखकाविषयीच्या लेखात लेखकाचंच म्हणणं नसेल, तर तो लेख कोणाविषयी आहे? आणि शेवटी लिहिलं: 'या पुस्तकाची जुळणी मी केली आहे. पृष्ठ चारवर माझं नाव आहे. म्हणून लेखाला मी हात लावणार नाही. माझी तपासणी कोणाला पक्षपाती वाटली तर दुसऱ्यानं करावी. पानं सगळ्यांसमोर आहेत.' खाली सही केली, रंभाबाई नंदागवळी, कारधा.

दोन दिवस चर्चापानावर सामसूम होती. मग एकानं लिहिलं, 'सर, म्हणजे तुम्ही मॅडम आहात?' रंभाबाईंनी उत्तर दिलं की प्रश्न लेखाबद्दल असावा.

मेघा मॅडमचा फोन आला. त्या मुळात वाईट बाई नव्हत्या. लक्ष्मणराव सर त्यांचे गुरू, पत्रिका छापून झालेल्या, विद्यार्थ्यांनी चार महिने राबून लेख केलेला. त्यांनी विचारलं, आत्ता दर्जा देऊन मग सावकाश दुरुस्त्या केल्या तर नाही का चालणार? रंभाबाई म्हणाल्या, पुस्तक छापून झाल्यावर प्रूफ तपासतात का? मेघा मॅडम मग हळूच म्हणाल्या की जयंतीच्या दिवशी सकाळी खुली चर्चा आहे, तुम्ही याच.

चोवीस तारखेला रंभाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून कॉलेजच्या हॉलमध्ये गेल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. स्टेजवर लक्ष्मणराव सर होते, सत्तरी ओलांडलेले, पांढरेशुभ्र केस, आवाज अजून खणखणीत. शेजारी ललिताबाई, दरवर्षीसारखी. या वेळी तिनं हात मांडीवर ठेवले होते, जोडले नव्हते. मेघा मॅडमनी लेख पडद्यावर दाखवला आणि तपासणीत काही आक्षेप आल्याचं सांगितलं. लक्ष्मणराव सर हसून म्हणाले की आक्षेप घेणाऱ्याला साहित्याची जाण आहे का, हे आधी पाहावं.

रंभाबाई उभ्या राहिल्या आणि नाव सांगितलं. सरांनी त्यांना ओळखलं. क्षणभर चेहरा बदलला.

"बाई, तुम्ही भैय्याजींकडे खिळे जुळवत होतात," ते म्हणाले. "साहित्य वेगळी गोष्ट आहे."

"हो जी, खिळेच जुळवत होती," रंभाबाई म्हणाल्या. "त्या पुस्तकाचं एकेक अक्षर माह्या बोटातून गेलं. तुमची लाल शाई बी गेली, चाळीस पानं. अन् लेखकानं ती खोडली, हे मी माह्या डोळ्यानं पाहिलं. पण सर, ते मी पुरावा म्हणून सांगत नाही. माह्या डोळ्याले तिथं किंमत नाही, तुमच्या डोळ्याले बी नाही. पुरावा पान तीनवर हाये. ते पडद्यावर लावा अन् तुम्हीच वाचा."

मेघा मॅडमनी पान तीन पडद्यावर लावलं. सरांनी ते वाचलं नाही. हॉलमधल्या दीडशे माणसांनी वाचलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तर ओठ हलवत अख्खं वाचलं. सर म्हणाले, लेखक विनयानं असं लिहितात, त्याचा असा अर्थ घ्यायचा नसतो. रंभाबाईंनी विचारलं की विनय करणारा माणूस मदत झाली असं लिहील का झाली नाही असं लिहील? त्यावर कोणीतरी मागून हसलं. रंभाबाईंनी मागं वळून त्या हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो खाली बघू लागला. त्या हसवायला आल्या नव्हत्या.

तेवढ्यात स्टेजवर ललिताबाईनं माइक मागितला. आजवर तिनं तिथं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "मले वाचता येत नाही. पन त्याचं बोलनं मले येते. हे जे पडद्यावर हाये ना, हे त्याचं बोलनं हाये." आणि माइक परत देऊन टाकला.

दर्जा जाहीर झाला नाही. मेघा मॅडमनी दुपारी स्वतःच प्रस्ताव मागं घेतला आणि गुरूंची नाराजी ओढवून घेतली. लक्ष्मणराव सरांनी शेवटपर्यंत काही मान्य केलं नाही. आठ दिवसांनी एका वर्तमानपत्रात त्यांचा लेख आला, 'खिळे जुळवणारे समीक्षक झाले' अशा मथळ्याचा. त्यात त्यांनी रंभाबाईंची यथेच्छ टवाळी केली. पण टवाळीच्या भरात मनोगतातल्या ओळी पूर्ण छापल्या आणि या भाषेबद्दल वाद आहे, हेही लिहून बसले. रंभाबाईंनी तो लेख शांतपणे वाचला, कात्रण कापलं आणि त्याचा फोटो मेघा मॅडमना पाठवला. वाद असल्याचा छापील पुरावा हवा होता, तो खुद्द सरांनीच दिला होता. मेघा मॅडमनी तो बाविसावा संदर्भ म्हणून जोडला.

शेजारपाजारच्यांना वाटलं, रंभाबाई जिंकल्या. विहारात लोकांनी विचारपूस केली. सुगतनं नागपूरहून फोन करून आई पेपरात आली म्हणून आनंद केला आणि टवाळीबद्दल राग केला. पण पुढचा तंटा आपल्याच बाजूनं आला.

मार्चमध्ये ताराचंदचा नातू सूरज स्वतः लेखात उतरला. त्यानं लक्ष्मणराव सरांचा सगळा उल्लेख उडवला आणि त्या जागी लिहिलं की एका खोटारड्या प्राध्यापकानं या महान लेखकाचं श्रेय चोरलं. रंभाबाईंनी लेखाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्यांनी चर्चापानावर लिहिलं की हे काढावं आणि आधीचं परत आणावं. मेघा मॅडमनी ते परत आणलं. संध्याकाळी सूरजचा फोन आला. तो संतापला होता. आजी तुमच्या भरवशावर बोलली आणि तुम्हीच त्या माणसाची बाजू घेता, असं तो म्हणाला.

"मी कोणाची बाजू घेत नाही, बाबू. सरायनं म्हटलं ते सरायच्या नावानं राहील. तुह्या आज्यानं म्हटलं ते आज्याच्या नावानं राहील. दोन्ही एकाखाली एक. वाचणाऱ्याले डोळे हायेत."

"अन् खोटं असलं तरी ठेवायचं?"

"खोटं हाये हे तू सिद्ध कर, छापून आण. मंग ते बी येईल. शिव्या देऊन येणार नाही."

सूरजनं फोन आपटला. पंधरा दिवस त्यानं दुसऱ्या तिसऱ्या नावांनी तेच लिहिलं आणि तेच निघत राहिलं. रंभाबाई दरवेळी तेवढ्याच शांतपणे चर्चापानावर नोंद करत. एकदा दिघोरीच्या कोणीतरी निरोप पाठवला की आता इकडं येऊ नका. त्या पुढच्याच आठवड्यात गेल्या. लाखांदूरच्या स्टँडवर उतरल्या, दिघोरीत पोचल्या आणि सरळ ओसरीवर ललिताबाईजवळ जाऊन बसल्या. मोबाइलवरून लेख जसा होता तसा वाचून दाखवला, सरांच्या दाव्यासकट. सूरज दारात उभा होता. ललिताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की सरांचं वाक्य आधी आणि नवऱ्याचं नंतर असं आहे, हे बरं आहे. शेवटचं बोलणं त्याचंच राहतं. चहा सूरजनंच आणून ठेवला.

पुढं दीड वर्षात लेख सुधारत गेला. फुगलेले शब्द गेले, उचललेले परिच्छेद नव्यानं लिहिले गेले, दिघोरी भंडाऱ्यात परत आली. सूरजनं घरातली ताराचंदची पत्रं गोळा करून एका मासिकात लेख लिहिला, नावानिशी, शिव्यांवाचून. तो चांगला होता. दोन हजार एकवीसच्या जयंतीला मेघा मॅडमनी लेख पुन्हा दर्जासाठी मांडला. तपासणी पुण्याच्या एका माणसानं केली आणि उत्तम म्हणून शेरा दिला. आता इतरांनी मत द्यायचं होतं. एकामागून एक होकार येत गेले. रंभाबाईंचा होकार सगळ्यांनी गृहीत धरला होता. सूरजनं तर आदल्या दिवशीच पेढे आणल्याचं कळवलं.

रंभाबाईंनी लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. दोन दिवस लावले. दुसऱ्या कादंबरीवरचा भाग सगळा एकाच मुलाखतीवर उभा होता, आणि ती मुलाखत नातवाची होती. कथासंग्रह लोकांना आवडला नाही, त्या काळी त्यावर कडक टीका झाली होती. तिचा लेखात मागमूस नव्हता. आधी सरांची टाकी होती, आता घरच्यांची होत होती.

त्यांनी मत लिहिलं: 'अजून नाही.' खाली दोन्ही कारणं दिली, टीका कोणत्या मासिकात आली होती त्याचा अंक आणि महिना दिला, आणि नावानिशी सही केली.

मेघा मॅडमनी फोन केला. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. सगळे हो म्हणाले आहेत, बाई, एकट्या तुमच्यानं काही अडत नाही, दर्जा मिळून जाईल, असं त्या म्हणाल्या.

"मिळू द्या," रंभाबाई म्हणाल्या. "माहं मत माह्याजवळ राहील. तो अंक कुठं मिळते ते मी लिहिलं हाये. कोणी आणला तर मले सांगा, मी परत वाचीन."

दर्जा मिळाला, तरी मेघा मॅडमनी तो अंक नागपुरातून मिळवला. त्याला तीन महिने लागले.